विरजण मागायला जाणारी शाळा

धाडला हिंडायला म्हणून कोणी जात नाही. बाजाराला जातात, सोयरिकीला जातात, मयतीला जातात. मी गेल्या पौषात गेले ती माझ्या भाचीला आमच्याकडे आणायचं पक्कं करायला.

माझी धाकटी बहीण मंदा बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडजवळच्या एका खेड्यात दिली आहे. तिची मोठी मुलगी समीक्षा सातवीत आहे. मी अकोल्यात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. आम्हा नवराबायकोला मूल नाही. घर दोन खोल्यांचं आहे, पण एक खोली रिकामीच असते. आठवीपासून समीक्षानं आमच्याकडे राहून शिकावं असं आमच्या मनात बरेच दिवस होतं. शेवटी मी मंदाला फोनवर विचारलं, तर ती सहज म्हणाली, "ने ना ताई. पण तिले इचार. ती हाव म्हणली तं ने. अन् एकदा तिची शाळा पाहून जाय."

शाळा पाहून जाय, हे ती का म्हणाली ते मला तेव्हा कळलं नाही. खेड्यातल्या फुकट शाळेत पाहण्यासारखं काय असणार? मी समीक्षासाठी नवा ड्रेस घेतला, चिवड्याचा डबा भरला आणि निघाले.

नांदुरा ते धाड

थेट बस मिळाली असती, पण मी मुद्दाम रेल्वेनं नांदुऱ्याला उतरले. नांदुरा माझं गाव. वडील धान्य बाजारात पोती उचलायचे. माझ्या आधी आमच्या घरात कोणी सहीसुद्धा केलेली नव्हती. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकले. आमचे गुरुजी स्वतःची जुनी पुस्तकं मला द्यायचे आणि "मळवू नको, तुझ्यानंतर तुझ्या बहिणीला लागतील" असं बजावायचे. त्या पुस्तकांवर मी इथवर आले, हे मी कधी विसरले नाही. शाळेसमोर रिक्षा थांबवून मी नमस्कार केला. रिक्षावाला म्हणाला, "मंदिर मागं राह्यलं मॅडम." मी म्हटलं, चला.

मोताळ्यामार्गे बुलढाण्याची एसटी धरली. शेजारी बोरांची टोपली घेतलेली एक बाई बसली होती. तिनं मूठभर बोरं माझ्या ओंजळीत घातली आणि मग चौकशी सुरू केली. कुठं चालली, कोण आहे तिकडे, सगळं. मी शाळेचं नाव काढताच तिचे डोळे मोठे झाले.

"त्या शाळेचे पोट्टे? लय आगाऊ व बाई! माह्या नणंदेच्या घरात येऊन बसतेत. हे द्या, ते द्या. शाळेत जातेत का मागाले जातेत, काई समजत नाई."

मी हसून सोडून दिलं. तेवढ्यात राजूर घाट लागला. घाट चढताना खालचं सपाट पूर्णाकाठचं रान मागे पडतं, कापसाची पांढऱ्या ठिपक्यांची शेतं पुसट होतात आणि वर आलं की गार वारा अंगावर येतो. नांदुऱ्यात पंखा लावून बसणारी माणसं बुलढाण्यात स्वेटर घालून फिरतात. कॉलेजची तीन वर्षं मी इथंच काढली, तरी त्या वाऱ्यानं दरवेळी नव्यानं शहारा येतो.

स्टँडवर मंदाचा नवरा प्रल्हाद त्याची काळीपिवळी जीप घेऊन आला होता. त्यानं मला पुढच्या सीटवर बसवलं, माझ्या शेजारी आणखी दोघांना बसवलं आणि स्वतः जवळजवळ दाराबाहेर बसून गाडी चालवली. धाड येईपर्यंत माझा चिवड्याचा डबा कोणाच्या तरी गुडघ्याखाली होता. घरी उघडला तेव्हा चिवड्याचं पीठ झालेलं. मंदानं ते ताकात कालवून सगळ्यांना वाढलं आणि म्हणाली, "अकोल्याची नवीन रेसिपी हाय."

समीक्षाला ड्रेस घातला, तर खांद्यावरची शिवण उसवली. मी मागच्या दिवाळीच्या अंदाजानं घेतला होता.

"ताई, माप तं इचाराचं फोनवर!" मंदा म्हणाली.

"एवढी कधी वाढली?"

"शाळेच्या भिंतीवर हाय ना," समीक्षा म्हणाली. "मॅडम दर तीन महिन्याले खूण करते."

शाळा

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शाळा पाहिली. एका संस्थेची आहे, देणग्यांवर चालते, फी नाही. पहिली ते दहावी. पत्र्याचे वर्ग, पुढे मोठं अंगण, मागे भाजीचे वाफे. एका टोकाला दवाखान्याची खोली, तिच्यात एक खाट, वजनकाटा आणि डोळे तपासायचा तक्ता. बुधवारी बुलढाण्याहून डॉक्टरीणबाई येतात आणि मुलांना, मुलांच्या आयांना, जो येईल त्याला तपासतात. त्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. समीक्षाच्या नावापुढे खुणांची एक शिडीच चढत गेली होती. या भिंतीला माझ्या भाचीची उंची माहीत होती आणि मला नव्हती. इथं मला पहिल्यांदा टोचलं. पुढे तीन दिवस ते टोचणं थांबलं नाही, म्हणून आत्ताच लिहून टाकते.

पहिलीच्या वर्गात काही मुलांना चष्मे होते. मागून नाडीनं बांधलेले, खेळताना पडू नयेत म्हणून. मी एका चिमुरड्याजवळ बसले.

"चष्मा कधी लागला रे तुला?"

"पोयाच्या टायमाले." म्हणजे बैलपोळ्याला.

"आधी काय दिसत नव्हतं?"

त्यानं बराच विचार केला. "पाल," तो म्हणाला. "आता दिसते. आता मले भेव लागते."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण मला आमचा वर्ग आठवला. मला मागच्या बाकावर बसवत. फळा ही माझ्यासाठी ऐकायची गोष्ट होती. गुरुजी लिहिताना मोठ्यानं बोलत, त्यावर मी उतरवून घ्यायची. फळा सगळ्यांनाच पांढऱ्या धुरासारखा दिसतो अशी माझी समजूत होती. बुलढाण्याला कॉलेजात असताना मैत्रिणीचा चष्मा गंमत म्हणून लावला आणि समोरच्या एसटीची पाटी वाचता आली. तोवर मी बस कंडक्टरच्या ओरडण्यावरून ओळखायची. आणि इथं सहा वर्षांच्या पोराला पाल दिसावी म्हणून कोणी तरी चष्मा केला होता! त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आधी हेवा वाटला.

दुपारी मुलांनी अंगणात पंगत धरली. मेथी घातलेली खिचडी, वर लिंबाची फोड, नंतर शेंगदाण्याचा लाडू. कोण कुणाशेजारी बसतो याचा काही नेम नव्हता. आम्हाला शाळेत सुकडी मिळायची, गोड कोरडं पीठ, कागदावर, आणि आम्ही आमच्या वस्तीतली पोरं ती भिंतीकडे तोंड करून खायचो. कोणी सांगितलं नव्हतं, तरी तोंड भिंतीकडेच व्हायचं.

समीक्षाच्या वर्गशिक्षिका कुंदा मॅडम. मूळच्या दुसरबीडच्या, माझ्याच वयाच्या, माझ्यासारख्याच घरातल्या पहिल्या शिकलेल्या. स्कूटीवरून येतात, विज्ञान शिकवतात, मुलींचं रक्त तपासायला डॉक्टरीणबाईंना मदत करतात. आदल्या रात्रीपासून मी एकच वाक्य ऐकत होते, "मॅडम म्हणते." मॅडम म्हणते नखं वाढवायची नाहीत. मॅडम म्हणते विचारायला लाजायचं नाही. मॅडम म्हणते पिण्याचं पाणी झाकून ठेवायचं. मी दर महिन्याला फोन करणारी, दिवाळीला कपडे पाठवणारी मावशी, आणि हिच्या तोंडी माझं एकही वाक्य नव्हतं.

"समीक्षाला मी अकोल्याला न्यायचं म्हणते," मी मॅडमना सांगितलं. माझ्या आवाजात जरा धार आली असावी.

त्या शांतपणे म्हणाल्या, "मंदाताईंनी सांगितलं. मुलगी हुशार आहे, कुठंही शिकेल. तिला विचारलं का?"

विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं. अकोल्याची शाळा, वाचनालय, स्वतःची खोली, खिडकीशी टेबल, सगळं रंगवून सांगितलं. समीक्षानं नीट ऐकून घेतलं.

"सोमवारी सांगू?" ती म्हणाली.

"सोमवारीच का?"

"उद्या शनिवार हाय. माही घरं हायेत."

शनिवार

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी जेवून समीक्षानं फडताळातून एक स्टीलची वाटी काढली, पदरानं पुसावी तशी ओढणीनं पुसली आणि चपला घालू लागली.

"कुठं चाललीस?"

"पाटलाच्या घरी. इरजण मागाले."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. "घरात विरजण नाही?"

"हाय."

"मग?"

"शाळेचं हाय ते. आम्हाले घरं वाटून देल्ली मॅडमनं. रिकामी वाटी घेऊन जायचं अन् काही तरी मागायचं."

इथं माझा तोल गेला. वाचकांना थोडं मागचं सांगायला हवं. नांदुऱ्याला येण्याआधी आमची आई एका खेड्यात मोठ्या घरच्या शेतावर जायची. ताक मागायला गेली की दाराबाहेर उभं राहायचं, लोटा खाली ठेवायचा आणि लांबून, वरून धार पडायची. अर्धं ताक पायावर. गाव सोडलं तेव्हा आईनं शपथ घातली होती की माझ्या पोरी कुणाच्या दारात भांडं घेऊन उभ्या राहणार नाहीत. आणि त्या आईची नात, शिकणारी नात, वाटी घेऊन पाटलाच्या दारात निघाली होती! तीही शाळेनं सांगितलं म्हणून!

मी पुष्कळ बोलले. मंदाला बोलले, शाळेला बोलले, नसलेल्या मॅडमना बोलले. बसमधली बोरंवाली बाई खोटं बोलत नव्हती, असंही बोलले. मंदा भाकरीचं पीठ मळत ऐकत होती.

"झालं का?" ती म्हणाली. "आता जराशीक थांब. अन् पाय, कोण येते ते."

थोड्याच वेळात दारात एक गोरागोमटा मुलगा उभा राहिला. हातात रिकामी वाटी. पाटलांचा नातू यश, समीक्षापेक्षा एक वर्ष मागे.

"काकू, मीठ द्या ना."

आणि उत्तराची वाट न पाहता चपला काढून थेट चुलीपर्यंत आत. ओगराळं घेतलं, माठातलं पाणी काढलं, प्याला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "काकू, माठाले झाकण नाई आज."

"धुवाले ठेवलं रे बाबा!" मंदा वैतागली. "येते अन् मास्तरकी करते. घरी आजी काम सांगते तं पयते."

"तुमच्या लहान्याची खोकली, मागं सांगतली होती ती?"

"कमी हाय. घे मीठ. अन् आजीले सांग, मागच्या बारीची वाटी अजून आली नाई आमची."

तो हसत गेला. मंदा पुन्हा पिठाकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पाटलाच्या घरचं पोर तिच्या चुलीपाशी येऊन पाणी पिऊन, मीठ मागून गेलं होतं आणि तिला ते माठाच्या झाकणाइतकंच वाटत होतं.

मग तिनं मला नीट सांगितलं. औषध घेऊन, माहिती द्यायला म्हणून गेलं की लोक ओसरीवर बसवतात, चहा देतात आणि वाटेला लावतात. मागायला गेलेलं पोर मात्र सैपाकघरात जातं. तिथं पाणी दिसतं, धूर दिसतो, आजारी माणूस दिसतं, फळीवरच्या न संपलेल्या गोळ्या दिसतात. म्हणून शाळेचा नियम असा की मुलांनी काही द्यायला जायचं नाही, मागायला जायचं. आपल्या आळीतलं घर कुणाला मिळत नाही. आणि आजाराचं आपण पहिलं विचारायचं नाही. बसायचं, वेळ घालवायचा. घरचं माणूस बोललं तर ऐकायचं आणि मॅडमना सांगायचं. काही घरं अजूनही ओसरीवरूनच वाटी भरून देतात. पाटलांकडेही पहिलं वर्ष तसंच गेलं होतं.

मी ऐकत होते आणि मला आई दिसत होती. तिच्या दारात एकदा तरी कोणी वाटी घेऊन आलं असतं! "बाई, चिमूटभर मीठ द्या" असं कोणी म्हटलं असतं, तर तिनं डबाच्या डबा रिता केला असता. हे सुख मंदाच्या वाट्याला आलं होतं, आणि तिला ते सुख आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. माझ्या सख्ख्या बहिणीचा मला इतका हेवा कधी वाटला नव्हता, तिला मूल झालं तेव्हाही नाही.

"मी येऊ का तुझ्याबरोबर?" मी समीक्षाला विचारलं.

"ये. पण बोलू नको बरं."

पाटलांचं घर गावाच्या वरच्या अंगाला. पाटलीणबाई सैपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मुलं त्यांना मोठी आई म्हणतात. त्यांची धाकटी सून अश्विनी गॅसपाशी उभी होती. पाचवा-सहावा महिना असावा. ओठ पांढरे, बोटांची नखं कागदासारखी. समीक्षा तिच्याजवळ जाऊन बसली आणि मांजरीच्या पिल्लांबद्दल बोलू लागली. मग मालिकेतल्या सासूबद्दल. मग पुन्हा पिल्लांबद्दल. फळीवर डब्यांच्या आडोशाला लोहाच्या गोळ्यांचं पाकीट होतं, धूळ बसलेलं, एकही गोळी न काढलेलं. मला ते दारातूनच दिसलं. समीक्षालाही दिसलं असणार, पण ती पिल्लांवरून हलेना.

शिकवायची सवय वाईट. मी म्हणाले, "अहो, या गोळ्या तुम्ही घेत नाही वाटतं? असं करून चालत नाही. तुमच्या रक्तावर बाळाचं सगळं अवलंबून असतं." आणि वर्गात बोलते तशी मी बोलत गेले.

पाटलीणबाईंचे हात थांबले. "कोणत्या गोळ्या व? मले तं म्हणे संपल्या."

अश्विनीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिनं समीक्षाच्या वाटीत विरजण घातलं, गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत निघून गेली. पाटलीणबाईंचा आवाज तिच्यामागे खोलीपर्यंत गेला.

रस्त्यात समीक्षा माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. घराजवळ आल्यावर वळली. डोळे भरलेले.

"मावशी, तू काऊन बोलली? मले माहीत होतं ते पाकीट. दिवाळीपासून माहीत होतं. ती सांगणारच होती मले. आता ती मले कायी सांगणार नाई."

समीक्षानं फोन केल्यावर संध्याकाळी कुंदा मॅडम आल्या. मला वाटलं, मोठं माणूस म्हणून त्या माझी बाजू घेतील. त्यांनी चहा घेतला आणि समीक्षाला विचारलं, "घर तुझं आहे. काय करायचं?"

समीक्षा माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशीनं बिघडवलं. मावशीनंच जावं. वाटी घेऊन."

मॅडम हसल्या. "मलाही पाठवलं होतं एकदा पोरांनी. जा तुम्ही."

रविवार

मंदानं सकाळी तुरीचे ओले दाणे घालून सोलेवांग्याची भाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती. मला एरवी दोन भाकरी लागतात. त्या दिवशी अर्धीही गेली नाही.

वाटी घेऊन मी वरच्या अंगाला गेले. पाटलांच्या दारात पोचले आणि पाय थांबले. मी पदवीधर आहे. पंधरा वर्षांची नोकरी आहे. व्यासपीठावर बोलते. पण त्या उंबऱ्यापाशी रिकामी वाटी धरून नुसती उभी राहिले. मला आईचा पाय दिसत होता, ताकानं भिजलेला. समीक्षा या दारातून दर शनिवारी उड्या मारत आत जाते. तिला या उंबऱ्याचं काही वाटत नाही. तिच्या त्या न वाटण्याचा मला हेवा वाटला, आणि त्याचा रागही आला.

"कोण हाय?" पाटलीणबाई बाहेर आल्या. "या ना बाई. उभ्या काऊन?"

"विरजण... विरजण पाहिजे होतं."

"काल तं नेलं ना पोरीनं?"

"मांजरीनं सांडलं," मी म्हणाले. त्या घरात मांजरीशिवाय मला काही सुचेना.

पाटलीणबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. "या आत. शेंगा सोला जराशा. मांजर तुमची लय कामाची दिसते."

मी सैपाकघरात जाऊन खाली बसले. शेंगा सोलल्या. काही विचारलं नाही. अश्विनी भिंतीकडे तोंड करून कणीक मळत होती. मी शेंगा सोलत राहिले. तुरीच्या शेंगांनी बोटं हिरवी-काळी होतात, हे मी विसरूनच गेले होते. अकोल्यात आम्ही सोले पिशवीतून सोललेलेच आणतो. परातीत सोल्यांचा ढीग झाला. मग गोठ्यात गाय ओरडली आणि पाटलीणबाई उठून गेल्या.

"बाई," अश्विनी न वळता म्हणाली, "तुम्ही घेतल्या का ह्या गोळ्या कधी?"

"नाही. मला मूल झालं नाही."

तिचे हात थांबले. तिनं हात पुसले. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"माहं पयलं गेलं ना बाई. तवा मी रोज घेत होती गोळ्या. एक दिवसही चुकवली नाई. अन् तरी गेलं. मले वाटते, गोळ्यानंच गेलं. मोठ्या आईले कसं सांगू? ती म्हणन, डॉक्टरले खोटं पाडते का." तिनं डोळे पुसले. "म्हून फळीवर ठेवून देते. फेकाचीही हिंमत होत नाई."

मला पुष्कळ बोलता आलं असतं. मी एवढंच म्हणाले, "मला यातलं नीट माहीत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारू या का?"

"समीक्षाले सांगा," ती म्हणाली. "मी तिलेच सांगणार होती. पोट्टी हाय म्हून जीव होत नव्हता. पण सांगाचं तिलेच होतं. तुम्ही मधात आल्या."

एवढं गुपित मला सांगूनही तिला हवी होती समीक्षाच. मी फक्त निरोप्या. वाटीत विरजण घेऊन मी घरी आले आणि निरोप दिला. समीक्षानं ऐकून घेतलं, माझ्या हिरव्या बोटांकडे पाहिलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्या गळ्यात पडली. मग लगेच सुटून मॅडमना फोन लावायला पळाली. ठरलं असं की बुधवारी डॉक्टरीणबाई अश्विनीशी एकटीशी बोलतील, तपासतील, पहिलं बाळ का गेलं असावं ते समजावतील. अश्विनीची एकच अट होती. समीक्षा दाराबाहेर बसलेली पाहिजे.

सोमवार

सोमवारी प्रार्थनेनंतर मुलं आपापल्या घरांबद्दल सांगतात. घराचं नाव घ्यायचं नाही, आजाराचं नाव घ्यायचं नाही. एकच सांगायचं, बोलणं झालं की नाही. एक मुलगा उठला, "माह्या दोन घरी झालं, एका घरी कुत्रं होतं." यश उठला, "झालं. अन् माठाले झाकण आलं." मला सोडायला आलेली मंदा मागे उभी होती, तिनं त्याच्याकडे हात उगारला.

समीक्षा उठली. "एका घरी बोलणं झालं. पण मी नाई केलं. माह्या मावशीनं केलं."

सगळी शाळा वळून माझ्याकडे बघायला लागली. त्या चष्म्यांसकट. तिच्या तोंडी शेवटी माझं नाव आलं होतं. मी खुळ्यासारखी हसले. आता ती हो म्हणणार, असं माझ्या मनानं तिथंच ठरवून टाकलं. खिडकीशी टेबल, खोलीला पडदे, सगळं पुन्हा डोळ्यासमोर उभं राहिलं.

प्रल्हादची जीप शाळेसमोर उभी होती. दोन सीटा भरायच्या होत्या, म्हणून त्याला घाई नव्हती. समीक्षा माझी पिशवी घेऊन सोडायला आली. मी विचारलं नाही. न विचारायचं मी कालच शिकले होते. तीच म्हणाली.

"मावशी, येईन मी."

मी तिचा हात धरला.

"पण आत्ता नाई. दहावी झाल्यावर. कालेजाले येईन. खोली ठेवशील ना?"

"दहावी म्हणजे तीन वर्षं, समू. तिथली शाळा चांगली आहे गं. इथं काय..." मी थांबले. मॅडमचं नाव ओठावर आलं होतं. "मॅडमसाठी का?"

"छ्या! मॅडम तं कालेजातही फोन करीन." ती हसली. मग गंभीर झाली, वयानं मोठी दिसायला लागली. "अश्विनी वहिनीचं बाळ येणार हाय ना. ते घर माहं हाय. त्याले काटा दाखवाचा, डोस कधी हाय ते पाहाचं, वरचं खाणं कधी लावलं ते पाहाचं. ते बोलाले लागेपर्यंत मी पाहणार हाय. मंग येईन."

प्रल्हादनं हॉर्न वाजवला. सीटा भरल्या होत्या. मी आत चढले, पिशवी मांडीवर घेतली. जीप निघाली तेव्हा समीक्षा हात हलवत होती, पण तोंड वरच्या अंगाकडे वळवून. तिकडून यश पळत काही तरी सांगायला येत होता.

या प्रवासात मला पुष्कळांचा हेवा वाटला. पाल दिसणाऱ्या पोराचा, उंची ठाऊक असलेल्या भिंतीचा, मॅडमचा, माझ्या सख्ख्या बहिणीचा. धाड मागे पडेपर्यंत ते सगळे निवले होते. राजूर घाट उतरताना एकच उरला होता. अजून जन्मालाही न आलेल्या, पाटलांच्या घरातल्या त्या बाळाचा.